‘लिबर्ते’ची ओटी

हिराबाईंनी भरलेलं सूप खाली ठेवलं आणि पदर खोचला. "न्हाय भरनार मी ओटी. असल्या नावाच्या बोटीची तर न्हायच न्हाय!"

मी दुभाषी, फ्रेंच-मराठी. एरवी माझं काम न्हावा शेव्याला, शिपिंगवाल्यांच्या मीटिंगांत. त्या दिवशी मात्र श्रीवर्धनजवळच्या खाडीवर उभी होते. क्लेरबाई नावाच्या फ्रेंच पाहुणीने हिराबाईंच्या नवऱ्याकडून, धर्मा मिस्त्रींकडून, लाकडी बोट बांधून घेतली होती. त्या दिवशी उधाण, म्हणजे पौर्णिमेची मोठी भरती. पाणी चढलं की बोट लोटायची. हुकलं तर पुढच्या उधाणापर्यंत बोट काठावरच, आणि बाईंचा व्हिसा त्याआधीच संपत होता.

इथली रीत अशी, की बोट पाण्यात जाण्याआधी मिस्त्रीच्या घरची बाई तिची ओटी भरते. त्याशिवाय एकही माणूस बोटीला खांदा लावत नाही.

हिराबाईंनी मघाशी सहज विचारलं होतं, "नाव काय ठेवलंय?"

"लिबर्ते. म्हणजे स्वातंत्र्य."

"म्हंजे कशी? कुनाच्या दोराला नसलेली?"

"तसंच काहीसं," मी बोलून गेले. झालं! या किनाऱ्यावर दोर सुटून वाहत आलेली बोट म्हणजे जिची माणसं परतली नाहीत ती.

क्लेरबाई रडकुंडीला आल्या. "नाव बदलू का?" त्यांनी मला हळूच विचारलं. मला फार वाईट वाटलं.

"म्याडम, पानी चढतंय," मिस्त्री म्हणाले. "कायतरी करा!"

मग कॉलेजातला तास आठवला आणि मी सुटलेच. "हिराबाई, ऐका तर. हा शब्द लॅटिनमधला. मूळ शब्द लिबेर. जुन्या रोमन घरात गुलाम असायचे आणि घरची लेकरं असायची. त्या लेकरांना म्हणायचे लिबेरी. मोकळा कोण, तर ज्याला घर आहे, आपली माणसं आहेत, तो. शब्दाच्या पार मुळाशी ‘आपल्यातला माणूस’ असाच अर्थ असावा, असं जाणकार म्हणतात."

हिराबाईंनी बोटीकडे नीट पाहिलं. "म्हंजे घरची लेक?"

"घरचीच!"

"मंग आदी सांगायचं की गं बाय! लेक सासरी चालली, तिला काय रिकामी धाडू?" सूप उचललंसुद्धा.

ओटी भरली, खांदे लागले, बोट पाण्यात गेली. क्लेरबाई हसत-रडत हिराबाईंच्या गळ्यात पडल्या.

माझा धडा एवढाच: कुणी अर्थ विचारला तर एका शब्दात उरकू नये. निदान भरती चढत असताना तरी नाही.