वाढपी सर आणि तेरावी ओळ

आमच्या सरांचा धुतलेल्या ताटावर विश्वास नव्हता. ऑफिसातल्या मावशींनी घासून, पुसून, खिडकीत उन्हाला लावून ठेवलेलं स्टीलचं ताट ते जेवायच्या वेळी उचलत, उजेडात तिरपं धरून बघत, आणि तरीही नळाखाली एकदा धरून आणत. मावशी रोज चिडायच्या. "सर, म्या काय खरकटं ठेवीन का तुमच्यासाठी?" त्यावर सरांचं रोजचं उत्तर एकच. "तुम्ही धुतलं, कबूल हाय. पण वाढणार मी हाय ना?" मावशींना हे कधीच पटलं नाही. मला पटायला अहमदपूरला जावं लागलं.

नांदेडला वजिराबादेत, चपलांच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. सात माणसं आणि सहा खुर्च्या, त्यामुळे जो उशिरा येई तो उभ्यानं काम सुरू करी. शाळा, दवाखाने, क्लासेस अशांना मोबाईलची अ‍ॅप्स करून द्यायची, हा आमचा धंदा. दारावरच्या पाटीवर सरांचं पूर्ण नाव झोकात रंगवलेलं होतं, पण ते नाव फक्त कुरिअरवाला वाचायचा. बाकी सगळे त्यांना वाढपी सर म्हणत, तेही तोंडावर, आणि ते खूश होत.

त्यालाही कारण होतं. भोकरजवळच्या त्यांच्या गावात कुणाच्याही घरचं लग्न असो, बारसं असो, पंगतीत वाढायला सरांचे वडील ठरलेले. सर विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकत होते तेव्हाही लग्नसराईत गावी जाऊन वरणाची बादली हातात घ्यायचे. पुढे हैदराबादेत नऊ वर्षं चांगली नोकरी केली, आणि एक दिवस उठून नांदेडला परत आले. का आलात म्हणून विचारलं तर म्हणायचे, "तिथं जो तो आपलं ताट घेऊन रांगेत उभा. वाढाया कुणीच न्हाई. मन लागंना गेलं." खरं कारण दुसरं काही असेलही, पण आम्ही हेच खरं धरून चाललो.

मोबाईलमधली यादी ही सरांच्या लेखी पंगतच होती. मी नवा असताना त्यांनी मला समोर बसवून विचारलं, "बालाजी, यादीत चारशे नावं हायेत. फोन किती ओळी तयार करतो?" मी म्हणालो, चारशे. सर हसले. "आमच्या गावात चारशे माणसं जेवायची, पण ताटं होती पन्नास. कसं भागायचं?" मग त्यांनी सांगितलं ते असं. पडद्यावर आठ-दहा ओळी दिसतात, तर फोन तेवढ्याच, फार तर आणखी दोन-चार तयार करतो. आपण बोटानं यादी वर सरकवली की वरून जी ओळ दिसेनाशी होते, तीच उचलून तो खाली आणतो आणि तिच्यात पुढचं नाव भरतो. ताट तेच, जेवणारा दुसरा. "म्हणून वाढायच्या आधी ताट धुवायचं," सर म्हणाले. "मागच्यानं काय खाल्लं त्याची खूण पुढच्याला दिसली न्हाई पायजे." मी मान हलवली. मान हलवणं मला तेव्हापासूनच छान जमायचं.

त्यांचे बाकीचे नियमही पंगतीतूनच यायचे. एकदा मी यादीच्या प्रत्येक ओळीत त्या मुलाची वर्षभराची हजेरी तिथल्या तिथे मोजायला लावली होती. यादी सरकवली की गचके खात चालायची, खडीच्या रस्त्यावरच्या टमटमसारखी. सरांनी फोन माझ्या हातात परत दिला. "पंगत बसली हाय, लोकं ताटावर वाट बघून राहिलेत, आणि वाढपी मधीच उभा राहून कांदे चिरून राहिलाय. शोभतं का?" आकडेमोड आधी उरकून ठेवायची, ओळीत नुसतं वाढायचं, हे मला त्या कांद्यापासून जे कळलं ते कायमचं.

अ‍ॅप तपासायची त्यांची पद्धतही निराळी होती. त्यांच्याकडे काचेला तडा गेलेला एक स्वस्तातला जुना फोन होता. त्यावर यादी उघडून ते अंगठ्यानं तिला जोरात वर भिरकावत, पार शेवटच्या नावापर्यंत, आणि तितक्याच जोरात परत आणत. आम्ही पोरं पाच-सात नावं टाकून काम झालं म्हणायचो. ते बघितलं की म्हणायचे, "पाच माणसांत कुणीबी वाढपी होतो रे." पाच नावं पडद्यावर आरामात मावतात, ओळ पुन्हा वापरायची वेळच येत नाही, म्हणून चूकही दिसत नाही. हे सगळं मला पाठ होतं. तरीही लातूरच्या एका क्लासचं अ‍ॅप मी आठ नावं टाकून तपासलं. त्या दिवशी मला घरी जायची घाई होती. दुसरं काही कारण नाही.

त्या क्लासला मुलांची हजेरी अ‍ॅपवर हवी होती. तिथले शिकवणारे वर्गात हजेरी घेणार, आणि दुपारी क्लासचे कारकून आपल्या फोनवर यादी उघडून ज्या नावापुढे लाल खूण दिसेल त्याच्या घरी फोन करणार. मी लिहिलं, मुलगा गैरहजर असेल तर लाल खूण दाखव. हजर असेल तर लाल खूण काढून टाक, हे लिहायचं राहिलं. प्रोग्रॅममधली एक ओळ. तिसऱ्या नंबरचा मुलगा कावीळ होऊन गावी पडला होता, त्यामुळे त्याच्यापुढे रोज लाल खूण. त्याची ओळ वर सरकली की फोन ती उचलून खाली आणायचा, आणि तिच्यात तेराव्या नंबरचं नाव भरायचा. नाव बदलायचं, लाल खूण तशीच. पुढच्या आणखी काही नावांनाही ती चिकटायची, पण त्यांच्या घरच्यांनी पोरांचं खरं मानलं. तेराव्या नंबरला सारिका होती.

सारिका अहमदपूरच्या एका टेलर मास्तरांची मुलगी. डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला वसतिगृहात राहून तयारी करत होती. कारकुनांचा फोन तीन दिवस लागोपाठ मास्तरांना गेला, मुलगी आज क्लासला आली नाही. चौथ्या दिवशी मास्तर दुकान बंद करून लातूरला गेले आणि तिला सामानासकट घेऊन आले. ती रडून सांगत होती की मी वर्गातच होते. मैत्रिणींनीही सांगितलं, तर मास्तरांना वाटलं, सगळ्या मिळून झाकतायत. बाहेरगावचं शिक्षण बंद, असं त्यांनी घरात जाहीर करून टाकलं. इकडे शिकवणाऱ्या सरांनी कारकुनांना विचारलं, ती पहिल्या बाकावरची मुलगी का दिसत नाही? त्या तीन दिवसांचं कळलं तेव्हा ते म्हणाले, ते तिन्ही दिवस तर ती माझ्या समोर बसली होती. कारकुनांनी मास्तरांना फोन केला, पण मास्तर आता कुणाचंच ऐकेनात. मग कारकुनांनी आम्हाला फोन केला.

मला चूक दोन मिनिटांत दिसली आणि दहा मिनिटांत मी ती दुरुस्तही केली. मग सरांपाशी जाऊन हळूच म्हणालो, "सर, सर्व्हरचा प्रॉब्लेम झाला होता असं कळवून टाकू का?"

सरांनी चष्मा काढला. "सर्व्हरनं लिहिलं का ते?"

मी मान हलवली, या वेळी आडवी.

"पोरीची इज्जत गेली रे तिच्या बापापुढं. तू खामखा त्या सर्व्हरला कामून मधी आणून राहिलास? ऊठ. अहमदपूरची गाडी कवा हाय ते बघ." आणि मी निघालो तेव्हा तो तडा गेलेला फोन पुढे करत म्हणाले, "या फोनात जुनंच अ‍ॅप ठेव. चुकलेलं."

लोह्यामार्गे एसटीनं आम्ही अहमदपूरला पोचलो. बसस्टँडच्या मागेच मास्तरांचं दुकान होतं, आणि दुकानाच्या मागे घर. मास्तरांनी आम्हाला बसा म्हटलं, पण मशीन थांबवलं नाही. सरांनी आपण कोण ते सांगितलं. मास्तर शिलाईवरून नजर न काढता म्हणाले, "ते क्लासवाले बी हेच म्हनले. कुनीबी मशीनवर ढकलायलंय. मशीन कशाला खोटं बोलंल?"

"बराबर हाय मास्तर," सर म्हणाले आणि तोच फोन त्यांच्यापुढे धरला. "मशीन खोटं बोलत न्हाई. तुम्ही फक्त एक करा. ही यादी घ्या. यातल्या तिसऱ्या नावाला तुमच्या बोटानं लाल खूण करा. दुसऱ्या कुणाला हात लावू नका."

मास्तरांनी नाखुशीनं पायडल थांबवलं, बोटांतली टाचणी काढून गळ्यातल्या टेपला टोचली, आणि तिसऱ्या नावावर बोट ठेवलं.

"आता सरकवा खाली."

यादी वर सरकली. अकरा, बारा. तेराव्या नावापुढे लाल खूण आली. मास्तर बघतच राहिले. यादी वर नेली, पुन्हा खाली आणली. "म्या तर हिला हातच लावला न्हाई," ते म्हणाले.

मग सरांनी त्यांना पंगतीचं सगळं सांगितलं. ताटं थोडी, माणसं जास्त, आणि न धुता पुढे केलेलं ताट. मास्तरांना ते माझ्यापेक्षा लवकर कळलं.

"म्हंजे दुसऱ्याचं उष्टं माझ्या पोरीच्या ताटात?"

"हाव," सर म्हणाले. "आणि ताट न धुता देणारा हा. त्याला शिकवणारा मी."

मास्तरांनी फोन मशीनवर ठेवला. आतल्या पडद्याआड सारिका उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली. सर उठून उभे राहिले आणि तिला हात जोडले. "बाई, चूक आमची. तुझे हे दिवस मला परत देता येत न्हाईत." तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "दादा, तुम्ही किती नावं टाकून बघितलं होतं?"

"आठ," मी म्हणालो.

"आमच्या वर्गात एकशेवीस हायेत."

मला आयुष्यात खूप जणांनी सुनावलंय, पण इतकं सरळ कुणी नाही. मास्तरांनी गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवली. मुलीची माफी मागणं काही त्यांना जमलं नाही. "बॅग भर," एवढंच म्हणाले, आणि दुकानाचं शटर ओढायला लागले. लातूरच्या गाडीत ते तिच्या शेजारी बसले तेव्हा आम्ही स्टँडवर उभे होतो. गाडी हलली तशी त्यांनी तिची बॅग स्वतःच्या मांडीवर घेतली.

परतीच्या वाटेवर सर लोहा येईपर्यंत खिडकीबाहेरच बघत होते. मला वाटलं, आता नोकरी गेली. लोह्याला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "भजे खातूस का?" भजे खाताना मला रडू आलं. मिरची तिखट असल्याचं मी सांगितलं, आणि त्यांनी ते मानून घेतलं.

त्या वर्षी सारिकाला मार्क कमी पडले. त्याला आमचे ते दिवस किती कारणीभूत, हे कुणी सांगू शकत नाही, आणि म्हणूनच ते माझ्या मनातून जात नाही. पण दुसऱ्या वर्षी मास्तर स्वतः तिला लातूरला सोडायला आले, आणि त्या खेपेला तिला हवं ते मिळालं. ही बातमी कारकुनांनी फोनवर दिली तेव्हा सरांनी सगळ्यांना पेढे वाटले, आणि त्याही दिवशी ताट नळाखाली धरलंच.

अहमदपूरहून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी तपासणीसाठी एक यादी स्वतः टाईप केली होती. एकशेवीस नावं. तिसरं नाव कायम लाल, आणि तेरावं सारिका. तेव्हापासून आमचं प्रत्येक अ‍ॅप, मग ते दवाखान्याचं असो की मंगल कार्यालयाचं, आधी त्या यादीवर चालतं. नवीन आलेल्यांना वाटायचं, सारिका ही सरांची मुलगी असावी. सरांनी कधी नाही म्हटलं नाही.

गेल्या वर्षी सरांनी ऑफिस आमच्या हवाली केलं आणि आईजवळ राहायला भोकरजवळच्या आपल्या गावी गेले. शेवटच्या दिवशी जेवायला बसताना त्यांनी मावशींच्या हातून ताट घेतलं, पण नळाकडे गेले नाहीत. ते ताट माझ्यापुढे धरून उभे राहिले. "आता वाढणारा तू," म्हणाले. मी उठून ताट धुऊन आणलं. मावशी या वेळी चिडल्या नाहीत.

संध्याकाळी त्यांनी तडा गेलेला फोन मागितला. त्या आठवड्यात केलेलं अ‍ॅप उघडलं, यादी शेवटपर्यंत भिरकावली, परत आणली, तेराव्या ओळीवर थांबले. "पोरगी हजर हाय," म्हणाले, आणि फोन माझ्या टेबलावर ठेवून जिना उतरून गेले.

आता अ‍ॅप तयार झालं की मी ते आधी सरांना गावी पाठवतो. कधी तासाभरात, कधी दोन दिवसांनी उत्तर येतं, तेच तीन शब्द. ते आल्याशिवाय आमच्या ऑफिसातून एकही यादी बाहेर जात नाही.