भरघोस ॲग्नेस टीचर

ऑक्टोबरचं रणरणतं ऊन, तापून पांढरी पडलेली मैदानावरची माती, आणि त्या मैदानाच्या मधोमध गडद लाल रंगाचा, लांब बाह्यांचा लोकरीचा स्वेटर घालून उभी असलेली एक प्रचंड बाई. तोंडात शिट्टी. समोर कबड्डी खेळणाऱ्या मुली घामाने निथळत होत्या आणि ही बाई ऊब यावी म्हणून तळहात एकमेकांवर घासत होती. नालासोपारा पश्चिमेला, गासच्या रस्त्यावरच्या त्या शाळेत मी कुणाच्या तरी बाळंतपणाच्या रजेच्या जागी मराठी शिकवायला आले होते; पुढे तिथेच टिकले. फाटकातून आत शिरताच पहिल्यांदा दिसली ती ही.

"नवीन ना तू? अशी काय बघतेस? थंडी वाजते मला."

"ऑक्टोबरात?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मला विचारून वाजते होय!" असं म्हणून ती इतकी मोठ्याने हसली, की धावणाऱ्या मुली थांबल्या आणि काहीच न कळता त्याही हसायला लागल्या.

या आमच्या ॲग्नेस टीचर. शाळेत खेळ शिकवायच्या. माहेर-सासर दोन्ही गासचं, शिकल्याही याच शाळेत. नवरा इनास वाडी करायचा. केळी, मोगरा, थोडी भाजी. आम्ही तेव्हा गिरगाव सोडून नालासोपाऱ्यात नवा फ्लॅट घेतला होता आणि मला तिथे ओळखीचं कुणी नव्हतं. माझं आडनाव कदम, म्हणून पहिल्या दिवसापासून मी त्यांची 'कदम बाय' झाले. माझ्याशी त्या शाळेतलं मराठी बोलायच्या, इनासशी त्यांच्या गावाकडच्या बोलीत. चिडल्या की आम्हा सगळ्यांशीच त्या बोलीत बोलायच्या. ते रागावणं इतकं गोड वाटायचं, की मुली मुद्दाम चुका करायच्या.

मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर कबड्डीच्या संघाचा एक जुना फोटो होता. त्यात चषक धरून उभी असलेली, वेताच्या छडीसारखी सडसडीत तरुणी म्हणजे ॲग्नेस टीचर, हे मला सांगितल्यावरसुद्धा खरं वाटलं नाही. धाकट्या मुलीनंतर दोन-तीन वर्षांत त्या अशा वाढत गेल्या होत्या. का, ते कुणालाच कळत नव्हतं. "मी जाडी नाही गं," त्या म्हणायच्या, "मी भरघोस आहे. इनासच्या केळीच्या घडाला कुणी जाडा म्हणतं का?"

वजन कमी करण्यासाठी मात्र त्यांनी काय केलं नाही! सकाळी मध-लिंबू, दुपारी कच्ची पपई, रात्री दुधीचं पाणी. भात सोडला, मग पोळी सोडली, मग चिडून दुधी सोडला. पहाटे आम्ही दोघी गासहून निर्मळच्या दिशेने वाड्यांमधल्या रस्त्याने फिरायला जायचो. मी पुढे, त्या मागे धापा टाकत. "कदम बाय, हळू! तू चालतेस की पळून चाललीस माझ्यापासून?" ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत त्यांनी मटण, मासे, गोड, सगळं कडकडीत पाळलं आणि सण आला तेव्हा वजन वाढलेलं निघालं. "देवबापाने माझा उपास दुसऱ्याच कुणाच्या नावावर लिहिला," त्या म्हणाल्या.

मग त्यांच्या नणंदेने कमरेला पट्टा लावून अंग थरथरवणारं विजेचं यंत्र आणून दिलं. त्या पट्ट्यात शिरून टीचरांनी बटण दाबलं मात्र, मांडणीवरची भांडी एकेक करून खाली यायला लागली. वाडीतला पंप जळाला असं वाटून इनास फावडं घेऊनच घरात धावत आला. टीचरांना बटण सापडेना, हसू आवरेना, आणि "बंद कर! बंद कर!" हे शब्दसुद्धा थरथरत बाहेर पडत होते. ते यंत्र दुसऱ्या दिवशी नणंदेकडे परत गेलं.

नालासोपारा स्टेशनवर दिवे लुकलुकणारं वजनाचं यंत्र होतं. नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. टीचर वजनाची बाजू अंगठ्याने झाकायच्या आणि मला म्हणायच्या, "मागचं वाच." एकदा मागे आलं होतं, 'आपली भरभराट होत राहील.' त्या फलाटावरच्या बाकावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अजून? यंत्रा, अजून?"

त्या हसायच्या म्हणून आम्हालाही ते गमतीचं वाटायचं. पण शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या पाठीमागे वेगळं बोललं जायचं. एवढं पथ्य करून वजन उतरत नाही, म्हणजे घरी चोरून खात असणार. एकदा हे बोलणं चालू असताना त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. टीचर आत आल्या, आपला डबा उघडला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. आत काकडीच्या चकत्या होत्या. "घ्या," त्या म्हणाल्या, "चोरीचा माल आहे, वाटून खाऊ." कुणी हात लावला नाही. त्या दिवशी घरी जाताना रस्त्यात पहिल्यांदाच त्या माझ्याशी काही बोलल्या नाहीत.

त्यात त्यांना झोप यायची. कुठेही, कशीही. तालुक्याचे सामने जवळ आले होते आणि मुलींचा सराव रोज चालू होता. एका दुपारी टीचर बाकावर बसल्या बसल्या झोपल्या. शिट्टी तोंडातच. श्वास सोडला की शिट्टी बारीक वाजायची, 'पुईं'. मुली थांबायच्या. टीचर काही बोलत नाहीत म्हणून पुन्हा खेळायला लागायच्या. पुन्हा 'पुईं'. पुन्हा सगळ्या जागच्या जागी पुतळे. मी वर्गाच्या खिडकीतून पाहत होते, माझे विद्यार्थी पाहत होते, आणि दुर्दैवाने पहिल्या मजल्यावरून मुख्याध्यापिकाही पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टीचरांना बोलावून घेतलं. मैदानावर नवे तरुण सर येतील, टीचरांनी मुलींना भरतकाम शिकवावं. "ॲग्नेस, वाईट वाटून घेऊ नकोस, पण खेळाच्या शिक्षिकेला हे शोभत नाही," असं त्या म्हणाल्या. टीचरांनी मान डोलवली, भरतकामाच्या खोलीत गेल्या आणि सुईत दोरा ओवत बसल्या. मी डोकावले तर म्हणाल्या, "बघ ना, एवढंसं भोक आहे, आणि यातून मी पार व्हायचं."

मुलींच्या आरोग्य तपासणीला एक तरुण डॉक्टरीणबाई यायच्या. त्या वर्षी मुलींना रांगेत उभं करायचं काम टीचरांकडे होतं. डॉक्टरीणबाई मुली तपासत होत्या, पण त्यांचं लक्ष राहून राहून टीचरांकडे जात होतं. तो स्वेटर, सुजल्यासारखा चेहरा, खोल विहिरीतून आल्यासारखा घोगरा आवाज. शेवटी त्यांनी टीचरांचा हात हातात घेतला. "एवढा गार? टीचर, या खुर्चीवर गुडघे टेकून बसा पाहू."

"प्रार्थना करायची आहे का?" टीचरांनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी छोट्या हातोडीने त्यांच्या टाचेच्या वर टकटक केलं. पाऊल पटकन हललं आणि परत येताना मात्र असं सावकाश, रमतगमत आलं, की रांगेतल्या मुली फिसकन हसल्या. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी रक्ताची तपासणी लिहून दिली. वसईला जाऊन रक्त दिलं, निकाल आला, आणि मी टीचरांबरोबर दवाखान्यात गेले.

"तुमच्या गळ्यात थायरॉईड नावाची ग्रंथी असते. ती फार कमी काम करतेय. म्हणून थंडी, झोप, आवाज, वजन, सगळं त्याच्यामुळे."

टीचरांनी अगदी हळू विचारलं, "म्हणजे मी खाल्लं म्हणून नाही?"

"नाही हो."

"आळशी आहे म्हणून नाही?"

"मुळीच नाही."

टीचरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता रडणार. पण त्या टाळी वाजवून उठल्या आणि ओरडल्या, "कदम बाय, मी आजारी आहे! देवबापा, मी आजारी आहे!" बाहेर बसलेले पेशंट दचकून बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अख्ख्या शाळेत घरची सुकेळी वाटली. उन्हात वाळवलेली ती मधासारखी गोड केळी हातावर ठेवत त्या प्रत्येकाला सांगत होत्या, "घ्या, मला थायरॉईड झालाय." शिपायाने अभिनंदन केलं. चोरून खाण्याबद्दल बोलणाऱ्या बाईंना त्यांनी दोन दिली.

रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीकशी गोळी. काही आठवड्यांत आवाज मोकळा झाला. स्वेटर अंगातून निघाला. दुपारची झोप पळाली. वजन मात्र किंचित उतरलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं. टीचरांना वाटलं होतं, फोटोतली मुलगी परत येणार. धीर सुटून त्यांनी आपल्या मनाने दोन-दोन गोळ्या घ्यायला सुरुवात केली. "एकीने आवाज आला, दोघी मिळून कंबर आणतील." आली ती छातीची धडधड आणि हातांचा कंप. डॉक्टरीणबाईंनी खूप झापलं. गोळी शरीराला जेवढी हवी तेवढीच, वजन थोडंफार उतरेल, बाकीचं चालून-फिरून, आणि कदाचित सगळं उतरणारही नाही. परत येताना टीचर गंभीर होत्या. "आजार सापडला तरी मी अशीच राहणार, कदम बाय. आता कुणाला दोष देऊ?"

मग आला शाळेचा वार्षिक क्रीडादिन. शाळेचा संघ विरुद्ध माजी विद्यार्थिनी असा कबड्डीचा सामना होता. माजी मुलींमधली एक आलीच नाही. नवे सर म्हणाले, सामना रद्द करू. टीचर भरतकामाच्या प्रदर्शनापाशी बसल्या होत्या. त्या उठल्या, ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि मैदानात उतरल्या. "मीही माजीच आहे ना!"

लोक हसले. मुख्याध्यापिकांनी कपाळाला हात लावला. टीचर चढाईला गेल्या. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी", तो मोकळा झालेला आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. एकीला शिवून त्या वळल्या, तर कप्तान मुलीने त्यांचा पाय धरला. मग दुसरीने कंबर धरली, तिसरीने हात. बघता बघता सातही मुली त्यांना लोंबकळल्या. आणि टीचर त्या सातजणींना ओढत, दम न सोडता, एकेक पाऊल टाकत निघाल्या, शेवटी अख्ख्या ढिगासकट मध्यरेषेवर कोसळल्या. हात रेषेपलीकडे! संपूर्ण संघ बाद!

इनास कुंपणावर चढून नाचत होता. मुख्याध्यापिका हसून हसून खुर्चीतून उठू शकत नव्हत्या. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "ॲग्नेस, उद्यापासून मैदानावर ये. आणि आता ऊठ, खालची मुलगी गुदमरेल!"

त्यानंतरच्या तालुक्याच्या सामन्यांत आमचा संघ उपांत्य फेरीत हरला. टीचर मुलींबरोबर भेळ खाऊन गात परत आल्या. पुढे लग्नात, बारशात, कुठेही एखादी बाई उकाड्यात शाल पांघरून दिसली, की टीचर तिचा हात धरून बघायच्या आणि रक्त तपासायला धाडायच्या. कितीजणी त्यांना दुवा देत असतील!

काही वर्षांनी माझ्या यजमानांची बदली पुण्याला झाली. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी टीचर आणि इनास मला राजोडीच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. भरती होती. टीचर म्हणाल्या, "तुला खरं सांगू? समुद्र एवढा जवळ, पण धाकटीच्या जन्मापासून मी पाण्यात गेले नाही. ओले कपडे अंगाला चिकटले की लोक बघतात. बारीक झाले की जाईन, असं म्हणत राहिले."

"मग?"

"मग काय! बारीक काही मी होत नाही, आणि तू चाललीस."

चपला इनासच्या हातात देऊन त्यांनी माझं मनगट धरलं आणि साडीसकट मला ओढत नेलं. पहिल्या लाटेने मी पडले, दुसरीने त्या. खारं पाणी नाकातोंडात गेलं. किनाऱ्यावरची माणसं वळून बघायला लागली. टीचर कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या, ओले केस मागे सारले आणि त्यांच्याकडे हात हलवून मोठ्याने ओरडल्या, "बघा, बघा! पोटभर बघा!"

आणि पुढच्या लाटेत स्वतःला झोकून दिलं.