मोहरीएवढं बेट

सोलापुरात उभं राहून समुद्र कुठे आहे ते बोटानं दाखवणारा माणूस मी एकच पाहिला. सात रस्त्याजवळच्या आपल्या खाणावळीच्या उंबऱ्यावर सकाळी दात घासत उभे असताना बेटमामा पश्चिमेकडे तोंड करत आणि बाजूनं जाणाऱ्या कुणालाही सांगत, "हितनं सरळ समुद्र." कुणी हसून म्हणालंच की मामा, या सातांतला एकही रस्ता समुद्राला जात नाही, तर ते चूळ भरून शांतपणे म्हणत, "जातो की. लांब जातो, एवढंच."

ते माझ्या आईचे चुलत भाऊ. वडील श्रीपूरच्या साखर कारखान्यात कारकून होते. तिथे पुढची शाळा नव्हती, म्हणून आठवीपासून मी मामा-मामींकडे राहिले. खाणावळीच्या मागे दोन खोल्या होत्या, त्यांतल्या एका खोलीच्या खिडकीत माझी पुस्तकं. मामांना बेटमामा हे नाव जेवायला येणाऱ्या गिरण्यांतल्या लोकांनी दिलं होतं. ते चेष्टेनं दिलं होतं, पण मामांना ते पदवीसारखं वाटे.

मामा मूळचे सांगोल्याकडचे. नवीन लग्न झालेलं असताना एका कोरड्या साली घर सोडून मुंबईला गेले, तिथून जहाजावर भांडी घासायला लागले आणि पुढे जहाजाचे स्वयंपाकी झाले. आठ वर्षं समुद्रावर होते. त्यांचं जहाज साखर भरायला बार्बाडोस नावाच्या बेटावर जायचं. साखर धक्क्यावर येईपर्यंत जहाज थांबे आणि खलाशांना आठ-दहा दिवसांची सुट्टी मिळे. घरी यायला महिना लागायचा, त्यामुळे मामा ती सुट्टी बेटावरच घालवत. असं चार वेळा झालं. चारही वेळा ते एकाच घरात उतरले.

त्या घराचं वर्णन मी इतक्यांदा ऐकलं आहे की डोळे मिटून तिथल्या पायऱ्या चढू शकेन. वाळूला लागून लाकडी घर, निळा रंग, चार खोल्या. पायरीशी पाण्यानं भरलेली बादली, कारण वाळूचे पाय घेऊन आत यायचं नाही. मागे उसाचे मळे. "वारं फिरलं की आपल्या श्रीपूरचा वास. म्होरं मातर निळं पाणी, आन् वाळू अशी की जणू पिठीसाखर." संध्याकाळी भाजलेला मासा आणि भेंडी घालून घोटलेला मक्याचा घाटा. आणि अंगणातल्या झाडाचा एक हिरवा, खडबडीत फणस. तो निखाऱ्यात भाजून फोडला की आत गरे नाहीत, बिया नाहीत, नुसता गरम पावासारखा गर. झाडाला लागणाऱ्या या पावावर खाणावळीतला एकही माणूस विश्वास ठेवत नसे. मग पावावरचं लोणी पण झाडालाच लागतं का, असं विचारत.

घराची मालकीण एक थोराड बाई होती. मामा तिला मावशी म्हणत. पहिल्या दिवशी मामा सवयीनं तिच्या स्वयंपाकघरात शिरले आणि कांदा चिरायला घेतला. तिनं त्यांच्या हातातली सुरी काढून घेतली, खांद्याला धरून टेबलाशी बसवलं आणि म्हणाली, वर्षभर तू दुसऱ्यांना वाढतोस, आता बस. तिच्या घराचा नियमच होता. पाहुण्याचं पोट भरल्याशिवाय ती स्वतः घास घेत नसे. "लहानपणी आई गेली, आन् घर सोडल्यापास्नं मला कुणी आयतं वाढलं नव्हतं," मामा सांगत. "ताटाकडं बघून रडूच आलं मला. तवा कळलं, सुट्टी म्हंजे समुद्र न्हाय. सुट्टी म्हंजे दुसऱ्याच्या हातचं ताट."

हे सगळं ऐकताना मामींचा हात थांबत नसे. त्या भाकऱ्या थापत राहत. एकदा मी शाळेच्या नकाशाच्या पुस्तकात बार्बाडोस शोधून त्यांना दाखवलं. छपाईतला डाग असावा एवढा ठिपका. त्यांनी पिठाचा हात पदराला पुसला, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "मोहरीएवढं तर हाय. एवढ्यात माझी आठ वर्सं कशी मावली गं?" ती आठ वर्षं त्यांनी सांगोल्याला सासरी काढली होती, दीड मैलावरून पाणी आणत. मामा तिथेच ताटं पुसत बसले होते. ते हळू म्हणाले, मला येता येत नव्हतं गं. "ते कळत व्हतं मला," मामी म्हणाल्या. "पण तुमी तितं हसत व्हता की."

मला वाटतं, मामांना हवं ते एवढंच होतं. मावशीनं त्यांना बसवलं तसं मामींना एकदा बसवायचं होतं. सोमवारी खाणावळ बंद असे. त्या दिवशी मामा स्वतः स्वयंपाक करत, पाट मांडत, ताट वाढत आणि म्हणत, "बस." मामी बसत नसत. नवरा जेवायच्या आधी बायकोनं घास घ्यायचा नाही, ही त्यांच्या माहेरची शिकवण. आणि मामांना बेटावरच्या मावशीचा नियम. पाहुणी जेवल्याशिवाय वाढणाऱ्यानं जेवायचं नाही. दोघंही चुलीशी समोरासमोर बसून राहत. आमटीवर साय धरे, भाकरी कडक होई. शेवटी मामी उठून त्यांचं ताट त्यांच्यापुढे सरकवत, मामा ते परत सरकवत. मी पुस्तक वाचत वाचत जेवून घेई. माझं जेवण झालं की दोघं एकाच वेळी, एकमेकांकडे न पाहता, पहिला घास घेत. चार वर्षांतले किती सोमवार असे गेले, सांगता यायचं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. रेशनवर ज्वारीऐवजी पिवळा मका मिळू लागला. मक्याची भाकरी कुणाच्या गळ्याखाली उतरेना. मामांनी वाळवलेली भेंडी घालून मावशीसारखा घाटा घोटला आणि वर शेंगांची चटणी वाढली. बेटाची चेष्टा करणारे तेच लोक वाटी पुढे करू लागले. गावाकडून खडी फोडायच्या कामावर निघालेली माणसं एक-दोन दिवस ओसरीवर मुक्काम करत. मामांनी दारात पाय धुवायला बादली ठेवली होती. पाणी हंडाभरच असे, तरी ती बादली ठेवलीच. त्या सगळ्यांना वाढून मामी रोज सगळ्यांत शेवटी, उभ्यानं जेवत. त्या वर्षी त्या फार वाळल्या.

दुष्काळ सरल्यानंतरच्या मे महिन्यात मामांनी दाराला पाटी लावली, 'आठ दिवस सुट्टी'. लोक हळहळत विचारायला आले, कोण गेलं? सोमवार सोडला तर खाणावळ दुसऱ्या कशासाठी बंद राहते हे कुणाला माहीत नव्हतं. मामा, मामी आणि मी एसटीनं कोल्हापूर आणि तिथून रत्नागिरीच्या पुढच्या एका खेड्यात गेलो. मामांच्या जहाजावरच्या एका सोबत्याच्या वहिनींचं घर होतं तिथे. माडांच्या पलीकडे समुद्र.

मामींनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी त्यांच्या शेजारी होते. मामा जरा मागे उभे होते, परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तसे. मामी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढं पाणी. आन् एक घोट प्यायला न्हाय." मामांचा चेहरा उतरला.

आम्ही परतलो. वहिनींच्या परसात पाय धुताना मामा एकदम थांबले. हातातला तांब्या तसाच राहिला. विहिरीपलीकडे एक उंच झाड होतं, मोठमोठ्या कातरलेल्या पानांचं, आणि त्याला हिरवी, खडबडीत, नारळाएवढी फळं लागली होती. "ह्ये काय?" त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "नीरफणस. आम्ही त्याचे काप करतो. तुमच्याकडे नाही होत?" मामा झाडाखाली जाऊन उभे राहिले. मामींनी एकदा झाडाकडे आणि एकदा मामांकडे पाहिलं.

"ह्योच का त्यो?"

"व्हय."

मामी पायरीवर बसल्या. इतक्या वर्षांत त्या बेटाबद्दल त्यांनी स्वतःहून पहिल्यांदा काही विचारलं. तिथे मावशी एकटी होती का? पायऱ्या किती होत्या? ती कसली भाजी करायची? मामा सांगत गेले आणि सांगता सांगता त्यांनी फळ उतरवलं, वहिनींच्या चुलीत निखाऱ्यात पुरलं. पुरुषमाणसाला चुलीपाशी पाहून वहिनी अवघडल्या, पण त्यांनी निखारे पुढे ओढून दिले. वरची साल करपली तसं मामांनी ते काढून फोडलं. आतून पांढरी वाफ आली आणि घरभर भाजलेल्या पावाचा वास सुटला. त्यावर तूप आणि मीठ घालून त्यांनी ते केळीच्या पानावर ठेवलं आणि पान मामींपुढे मांडलं. या वेळी 'बस' म्हणाले नाहीत. मामी बसलेल्याच होत्या.

त्यांनी पान परत सरकवलं नाही. एक तुकडा मोडला, फुंकला आणि तोंडात घातला. मामा समोर उभे होते, रिकाम्या हातांनी. मामींनी सावकाश खाल्लं आणि म्हणाल्या, "मीठ कमी हाय."

मामा इतके हसले की डोळे पुसावे लागले. मग मामीही हसल्या. ते सगळं पान त्यांनी एकटीनं संपवलं, आणि तोवर मामा मीठ, पाणी, आणखी तूप आणून देत राहिले. त्यानंतर सोलापुरातले सोमवार बदलले. मामी बसत, मामा वाढत, आणि दर सोमवारी मीठ कमीच असे.

या फाल्गुनात मामा गेले. दुखणं थोड्या दिवसांचं होतं. शेवटपर्यंत खाटेचं तोंड पश्चिमेला होतं. मी आता दुसऱ्या गावी शिकवते. निरोप मिळाल्यावर आले आणि तेरा दिवस पाहुण्यांचं सगळं रांधणं-वाढणं मी पाहिलं. चौदाव्या दिवशी घर रिकामं झालं. सकाळी मी चूल पेटवून कांदा चिरायला घेतला. मामी आतून आल्या. त्यांनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली, खांद्याला धरून मला पाटावर बसवलं.

"तेरा दिस राबलीस. आता बस."

मी म्हटलं, मामी, आधी तुम्ही. त्या ऐकेनात. भाकरी झाली, ताट आलं. मी घास घेतला. मामी समोर उभ्या होत्या, रिकाम्या हातांनी.

"मीठ बराबर हाय का?" त्यांनी विचारलं.

मीठ अगदी नेमकं होतं. "जरा कमी आहे," मी म्हणाले.

चौदा दिवसांत मामी पहिल्यांदा हसल्या, आणि मीठ आणायला वळल्या.