ऐकण्याच्या यंत्रात बोललेली आई

सुहृदहो, काल आमच्या बंधूंनी रिकाम्या बाटलीवर तार गुंडाळून आणि खनिजाचा चकाकता खडा बसवून विजेवाचून चालणारा रेडिओ सिद्ध केला. त्याची एक तार जमिनीत हवी, म्हणून मी देवघरातील तांब्याचे ताम्हण तिला जोडून पुरावयास दिले.

वार्ता ऐकून आज भाटघरहून धोंडाबाई चालत आल्या. त्यांचा रामू ब्रह्मदेशात लढाईवर आहे. पत्रे थांबली आहेत.

मुंबईच्या बातम्या क्षीणपणे येत होत्या. बाईंनी रेडिओचे श्रवणयंत्र कानास लावले, मग ओठांपाशी नेले.

“रामू, जेवलास का रं? बोल की!”

बंधू पुटपुटले, “दादा, यातून आवाज नुसता येतो, जात नाही. सांगा त्यांना.”

मला सांगवेना. मूर्तीपुढे मी जन्मभर असाच बोलत आलो आहे. आपण काय सांगितले असते?