मी केलेली सही

माझ्या बायकोची, सुनंदाची, गर्भाची पिशवी काढायचं मी ठरवलं. ही चूक माझी आहे.

आज सकाळी भिगवणला रक्त तपासायला गेलो. स्पिरिटच्या कापसाचा वास आला आणि बारामतीचा तो दवाखाना आठवला. बारा वर्षं झाली. सुनंदा अडतीसची होती. अंगावरून फार जायचं, म्हणून दाखवायला नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "आधी गोळ्या देऊन बघू. नाहीच थांबलं तर ऑपरेशन."

"काढूनच टाका," मी म्हणालो. "कंपनीत सारखी सुट्टी मिळत न्हाय."

सुनंदानं माझी बाही ओढली. "अहो, गोळ्या खाऊन बघते की."

"दोन पोरं झाली. आता काय करायचीय पिशवी?" मी हसत सही केली. ती भिंतीकडं बघत राहिली. मला वाटलं, लाजली. आज कळतं, ती घाबरली होती.

पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली. पाळी जायचं वय यायच्या कितीतरी आधी तिच्या अंगाची आग होऊ लागली, झोप उडाली, हाडं ठणकू लागली. मी म्हणायचो, "नाटकं बंद कर." गेल्या महिन्यात नुसता हात टेकला आणि तिचं मनगट मोडलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं, हे सगळं अंडाशयं लवकर काढल्यामुळं झालं.

घरी येऊन तिची वेणी घालता घालता म्हणालो, "सुनंदा, माझं चुकलं."

"आता बोलून काय परत येतंय व्हय?"

"न्हाय येत. पण अंग तुझं होतं, आणि मी तुझं ऐकलं न्हाय. मला माफ कर."