हात दाखवा, पावणं

अक्कांच्या मळ्यात शिरायचं तर आधी हात दाखवावा लागे. गडमुडशिंगीत ओढ्याकाठी त्यांचे टोमॅटो असत. बांधावर वाट अडवून त्या आलेल्याची बोटं धरत, उलटीपालटी करत आणि वास घेत. फवारणीच्या औषधाचा वास आला की माणूस आल्या वाटेनं परत, मग तो जावई का असेना. मी तर टोमॅटोच्या वाणांवर काम करणारा, म्हणजे त्यांच्या लेखी सरळसरळ चोर.

मला हवं होतं त्यांच्या बांधावरच्या जुन्या टोमॅटोचं बी. फळ सुपारीपेक्षा थोडं मोठं, आंबटढाण. राज्याच्या सीमेपलीकडच्या माहेराहून त्यांनी ते पदराला बांधून आणलेलं. आजूबाजूचे मळे पांढऱ्या माशीनं हैराण होत, तेव्हा ही झाडं फवारणीशिवाय टवटवीत असत. टोमॅटोच्या पानावर बारीक लव असते, तिच्या टोकाला चिकट रस असतो आणि त्यात माशीचे पाय अडकतात. जंगली टोमॅटोत हे भरपूर. आपण मोठ्या, गोड फळामागे लागलो आणि ती जनुकं वाटेत सांडून आलो. अक्का हे सारं बोटांवरून ओळखत. पान चोळलं की बोटं हिरवी-काळी व्हायलाच हवीत. "ज्येच्यानं हात काळं हुईत न्हाईत, त्ये झाड म्हंजे दार उघडं टाकल्यालं घर," असं त्या म्हणत.

अळीनं एक पान कुरतडलं की झाड बाकीच्या पानांतही अळीला न पचणारा रस तयार करतं, हे मी त्यांना एकदा मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांना काडीचंही नवल वाटलं नाही. "झाडाला पळाय पाय हाईत व्हय? मग त्येनं संशय धराया नगो?" एवढं बोलून त्या खुरपायला लागल्या.

दोन वर्षं खेटे घातल्यावर त्यांनी राखेत घोळवलेल्या बियांची एक पुडी दिली. मी ती आमच्या संशोधन केंद्राच्या शेतावर जिवापाड जपून लावली. झाडं गुडघाभर झाली आणि पांढऱ्या माशीनं पिवळी पडली. आता संशय धरायची पाळी माझी होती. म्हातारी गुपचूप फवारते आणि आम्हांला शहाणपण शिकवते, असं माझ्या डोक्यात बसलं. एका दुपारी मळ्यात कुणी नाही असं बघून मी त्यांच्या खोपीत शिरलो आणि पोत्यांमागं औषधाची बाटली शोधू लागलो.

"काय हुडकताय, पावणं?"

मागं अक्का उभ्या. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. काय थाप मारणार? झाडं पार गेली, तुम्ही फवारता असं वाटलं, म्हणून बाटली शोधतोय, असं खरंच सांगून टाकलं. अक्का मटकन खाली बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईतो हसल्या.

"बाजारातल्या टोमॅटोचं बी दिलतं की म्या! लई झ्याक आलं म्हणला असतासा, तर परत बांधावर पाय ठिवू दिला नसता."

माझा अख्खा हंगाम वाया गेला होता. मी चिडून जायला निघालो. अक्कांनी छपराच्या वाशातून दुसरी पुडी काढली आणि पहिल्यांदाच विचारलं, "नाव काय रं तुझं?"

अक्का जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांच्या मुलानं ठिबकच्या नळ्या टाकताना बांध फोडला, त्यात ती झाडं गेली. आता ते बी फक्त माझ्याकडं आहे. गेल्या दिवाळीत मुलगा दारात आला. "आईचं बी हाय न्हवं तुमच्याकडं? परत लावावं म्हणतोय."

मी त्याची बोटं हातात घेतली. तो गोंधळला. बोटं स्वच्छ होती, पांढरी. मी आत गेलो आणि बाजारच्या टोमॅटोचं बी राखेत घोळवून त्याला आणून दिलं. अक्कांच्या लेकाला फसवताना वाईट वाटलं, फार वाटलं.

खरी पुडी मी काढून ठेवली आहे. झाडं माशीनं गेली, एवढं सांगायला तो आला की त्याच्या हातावर ठेवायची. संक्रांत उलटली. फाटकाशी मोटरसायकल वाजली की मी उठून बघतो.