हँडलमधलं पाणी

शरदभावजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोणच्याच्या बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. शरदभावजी म्हणजे माझे धाकटे दीर. देवळाली कॅम्पातल्या ज्या गॅरेजात ते कामाला जायचे, तिथल्या मालकांचा फोन होता. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला, म्हणाले जरा पाठ टेकतो, आणि मग उठलेच नाहीत... मी फोन ठेवला आणि उरलेल्या दोन बरण्यांवरही चिठ्ठ्या लावल्या. नाव, महिना, वर्ष. कोणाला हे विचित्र वाटेल. पण हात थांबले असते तर पुढे काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

त्याला आता सहा आठवडे झाले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कॅनडाहून ईशानचा फोन आला. ईशान आणि रेवा ही माझी नातवंडं. सुट्टीत आली की दोघं भावजींच्या मागेमागे असायची, कारण तुटलेल्या खेळण्यापासून गिझरपर्यंत त्यांच्या हाताने दुरुस्त होणार नाही असं घरात काही नव्हतं. ईशानने विचारलं, "आजी, काकाआजोबांना एवढं सगळं येत होतं, मग त्यांचं स्वतःचं गॅरेज का नव्हतं?" मी म्हटलं, "नशीब, बाळा." फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली. पंचवीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं. नेमक्या प्रश्नाला मोघम उत्तर देणाऱ्या मुलाचे मी गुण कापत असे.

म्हणून ईशान, रेवा, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापायला देते आहे, कारण घरात सांगितलेलं घरातच राहतं, आणि ही गोष्ट पुरेशी वर्षं घरात राहिली आहे.

तुमचे आजोबा सरकारी खात्यात इंजिनिअर. शरदभावजी त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. आयटीआय झालेले, लग्न न केलेले, आमच्याच घरामागच्या खोलीत राहणारे. माझ्या नीटनेटकेपणाची सगळ्यात जास्त थट्टा त्यांनीच केली. माझ्या स्वयंपाकघरात चिठ्ठी नसलेली बरणी नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. मेतकुटाच्या डब्यावर दळल्याची तारीख पाहून ते म्हणायचे, "वहिनी, माझ्याही पाठीवर एक चिठ्ठी लावा. 'शरद. कोरड्या जागी ठेवणे.'" मी म्हणायची, आधी ते ग्रीसचे हात धुऊन या, मग लावते.

नव्वदच्या दशकातल्या एका मे महिन्यातली गोष्ट. भावजी तेव्हा चौतिशीचे असतील. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काम केल्यावर त्यांनी घोटीत एक जागा हेरली होती. बाजारपेठेच्या रस्त्यावर बंद पडलेल्या भातगिरणीची शेड. मालक भाड्याने द्यायला तयार होते, पण करारावर थोरल्या भावाची सही पाहिजे म्हणाले, कारण भावजींची कायमची नोकरी नव्हती. तुमच्या आजोबांनी महिनाभर विचार केला. शेवटी म्हणाले, जागा बघतो, मग सही करतो. जागा बघायला जायच्या दिवशी मालक अकरापर्यंतच थांबणार होते, पुढे गावी जाणार होते. मीही निघाले. भावजी म्हणाले होते, "वहिनी, नारळ तुम्हीच फोडायचा."

त्या दिवसांत पेट्रोलचे टँकर वेळेवर येत नव्हते. पंपावर रांगा लागायच्या, त्यामुळे भावजींनी आदल्या संध्याकाळीच दहा लिटरचा कॅन भरून आणायचं ठरवलं. प्लास्टिकचा तो कॅन माळ्यावर पडून होता, धुळीने आणि जाळ्यांनी भरलेला. न धुतलेल्या भांड्यात काही घालायचं नाही, ही माझ्या आईची शिकवण. मी तो सोड्याने धुतला, तीन पाण्यांनी विसळला आणि अंगणात पालथा घातला. अर्ध्या तासाने उचलून पाहिला तर तोंडातून थेंबही पडेना. बाहेरून कोरड्या फडक्याने पुसून भावजींच्या हातात दिला. सकाळी त्यांनी सगळं पेट्रोल गाडीत ओतलं आणि रिकामा कॅन डिकीत टाकला.

घोटीच्या रस्त्यावर विल्होळी मागे पडली आणि गाडी आचके देऊ लागली. चौथ्या आचक्याला बंदच पडली. भावजींनी ती ढकलून रस्त्याच्या कडेला घेतली. ट्रक अगदी खेटून जात होते. तुमचे आजोबा मला म्हणाले, तू आतच बस, काचा लावून घे. मी मागे बसले होते. त्या बाजूच्या दाराची आतली कडी कधीची बिघडलेली, दार बाहेरूनच उघडायचं. भावजी पुढच्या रविवारी ते करणार होते... मांडीवर डब्यांची पिशवी, बंद काचा आणि डोक्यावर तापलेला पत्रा. पाठीला पदर चिकटला होता.

भावजींनी बॉनेट उघडून काहीबाही पाहिलं, मग माझ्या काचेवर टकटक केली आणि पांढऱ्या काचेची एखादी बाटली आहे का विचारलं. कोकम सरबताची होती. सरबत मी पेल्यात ओतलं आणि बाटली खिडकीतून दिली. त्यांनी गाडीखाली आडवं होऊन टाकीतलं थोडं पेट्रोल बाटलीत घेतलं, खळखळून बाजूला ओतून दिलं. पुन्हा घेतलं, पुन्हा ओतलं. तुमचे आजोबा वैतागून म्हणाले, "पेट्रोल फेकतोस कशाला? पाण्याने विसळ ना, पाणी आहे आपल्याकडे." भावजी म्हणाले, "पाण्याने नाही, दादा. पेट्रोलचं भांडं पेट्रोलनेच विसळायचं. थेंबभर पाणी राहिलं तरी घात करतं."

ते सहज बोलले. माझ्याकडे बघूनही बोलले नाहीत. पण बंद गाडीत मला अंगणात पालथा घातलेला तो कॅन दिसला.

तिसऱ्यांदा भरलेली बाटली त्यांनी बॉनेट बंद करून त्यावर सपाट जागी ठेवली. हलवायची नाही, थांबायचं, म्हणाले. आम्ही तिघं त्या बाटलीकडे बघत राहिलो, दोघं बाहेरून आणि मी काचेआडून. हळूहळू मध्ये एक रेघ उमटली. वर पिवळसर पेट्रोल, खाली पाणी, चांगलं दोन बोटं. सायकलवरून कांद्याची गोणी घेऊन चाललेले एक बाबा थांबले, वाकून बघून म्हणाले, "लय पाणी हाय की यात. पंपवाल्यानं हानलं तुम्हाला." तोंडात विडी होती. भावजींनी त्यांना आधी दहा पावलं मागे नेलं आणि विडी विझवायला लावली.

बाबांचं ते वाक्य तुमच्या आजोबांनी उचललं. कुठल्या पंपावर गेलास, भरताना पाहिलं का नाहीस, ओतताना पाहिलं का नाहीस... भावजी डिकीकडे गेले. बाजूच्या आरशात मला ते दिसत होते. त्यांनी रिकामा कॅन काढला, पालथा धरला. काही पडलं नाही. मग हँडलची बाजू वर करून तो तिरका केला, तसा आतून पाण्याचा एक ओघळ आला आणि मातीत पडला. त्या कॅनचं हँडल पोकळ होतं. पालथा घातला तरी पाणी त्या पोकळीत आणि कॅनच्या तोंडाजवळच्या कडेला अडकून राहत होतं. भावजींनी मान वर केली, तेव्हा आरशात आमची नजरानजर झाली. मी डब्यांची पिशवी आवरायला लागले.

तुमचे आजोबा पुढच्या ढाब्यावरून घोटीला फोन लावायला चालत गेले. रस्त्यावर आम्ही दोघंच उरलो. भावजी आले, बाहेरून माझं दार उघडलं आणि दार धरून उभे राहिले.

"वहिनी, पाणी आहे का प्यायला?"

मी तांब्या दिला. ते पाणी प्यायले, तांब्या परत दिला, आणि तरी उभेच राहिले. किती वेळ, ते मला आज सांगता येणार नाही. ट्रकमागून ट्रक जात होते. मी म्हटलं, ऊन फार आहे, डोक्याला रुमाल बांधा. त्यांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं.

टाकी रिकामी करून, सगळ्या नळ्या आणि कार्ब्युरेटर साफ करून गाडी सुरू व्हायला एक वाजला. तुमचे आजोबा कुठूनसे दोन लिटर पेट्रोल घेऊन आले होते. घोटीत पोचलो तेव्हा मालक निघून गेले होते. त्यांच्या माणसाने निरोप दिला की चार दिवसांत करार नाही झाला तर जागा दुसऱ्याला देऊ. नारळ पिशवीतच राहिला. परतताना तुमचे आजोबा एकच वाक्य बोलले. "ज्याला पेट्रोलमधलं पाणी ओळखता येत नाही, त्याच्या गॅरेजसाठी मी सही करायची?" भावजी गाडी चालवत राहिले.

चार दिवस होते माझ्याकडे. पहिल्या दिवशी वाटलं, ह्यांचा राग उतरू दे. दुसऱ्या दिवशी ते चार लोकांत मोठ्या कौतुकाने म्हणाले, आमच्या घरात चूक होते ती शरदकडून, हिच्याकडून नाही... आणि सगळे हसले. माझं तोंड बंद झालं. तिसऱ्या दिवशी मी भावजींच्या पानात दोनदा तूप वाढलं. चौथ्या दिवशी शाळेत एक मुलगी स्वतःहून उभी राहून म्हणाली, बाई, शाईची दौत मी सांडली. मी तिला शाबासकी दिली. घरी येऊन गप्प बसले. पाचव्या दिवशी जागा गेली.

तुमचे आजोबा दुष्ट नव्हते. पण त्यांचं मत एकदा झालं की झालं. पुढे गॅरेजचा विषय निघाला की ते "पाणी" एवढाच शब्द उच्चारायचे. भावजी देवळालीच्या गॅरेजात लागले आणि शेवटच्या दिवसापर्यंत तिथेच राहिले. रोज सकाळी तीच बस, तोच डबा. डबा मी भरत होते.

ती सरबताची बाटली त्यांनी त्या दिवशी घरी आणली आणि आपल्या खोलीच्या खिडकीत ठेवली. झाकण घट्ट लावून, पाणी-पेट्रोल आत तसंच. ती खोली मी रोज झाडायची. रोज बाटली उचलायची, खालची धूळ पुसायची, पुन्हा तिथेच ठेवायची. टाकून द्यायचं धैर्य नव्हतं, आणि तिथे ठेवलेली बघवतही नव्हती. घरातली बिनचिठ्ठीची तेवढी एकच बाटली.

तुमचे आजोबा गेल्यावर वर्षाने, एका हिवाळी दुपारी आम्ही दोघं ओट्यावर मटार सोलत होतो. मी एकदम म्हटलं, "भावजी, तो कॅन मी विसळला होता."

त्यांनी हातातली शेंग सोलून पुरी केली. "माहीत आहे, वहिनी. हँडलमध्ये पाणी राहतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो," ते म्हणाले. "चार दिवस रोज वाटायचं, आज बोलतील."

मला वाटलं, ते रागावतील, निदान जाऊ दे म्हणतील. दोन्ही झालं नाही. टरफलं गोळा करून गाईला घालायला घेऊन गेले, आणि आल्यावर चहा टाका म्हणाले. त्यानंतरही पाच वर्षं ते माझ्याशी पूर्वीसारखेच वागले. फक्त चिठ्ठीची ती थट्टा त्यांनी पुन्हा कधी केली नाही... खरं तर ती त्या मे महिन्यातच थांबली होती. माझ्या लक्षात आलं ते मटाराच्या दिवशी.

काल त्यांची खोली आवरायला घेतली. नट-बोल्टचे पाने एका पिशवीत घातले, कपडे दुसऱ्या. मग खिडकीपाशी गेले. इतक्या वर्षांत झाकणातून पेट्रोल उडून गेलं आहे. काचेला पिवळा चिकट थर तेवढा राहिला आहे. खालचं पाणी मात्र आहे, अजून जवळजवळ दोन बोटं.

बाटली पुसली. स्वयंपाकघरातून चिठ्ठ्या, खळ आणि पेन आणलं. बरण्यांवर लिहिते तशाच सुवाच्य अक्षरात लिहिलं, "कॅन मी विसळला होता." खाली माझं नाव, महिना, वर्ष. खळ वाळेपर्यंत चिठ्ठी बोटाने दाबून धरली, आणि बाटली पुन्हा खिडकीत ठेवली, चिठ्ठी दाराकडे करून.